साक्षीदारास आठवत नाही

माझ्या भावाचा घटस्फोटाचा दावा जळगावच्या कोर्टात चालला होता. त्याच्या बाजूनं साक्ष द्यायला मी उभी राहिले होते. साक्ष फार तर अर्धा-पाऊण तास चालली असेल. त्यातलं बहुतेक सगळं मी खरं सांगितलं. एकच गोष्ट खोटी सांगितली. आज शाळेतून निवृत्त होऊन बसले आहे, तरी त्या अर्ध्या-पाऊण तासाचा हिशेब डोक्यातून जात नाही.

आधी वहिनीबद्दल सांगायला हवं.

आमचं गाव रावेरजवळचं. नानांची, म्हणजे माझ्या वडलांची, केळीची थोडी शेती. भाऊ आयटीआय करून वरणगावच्या दारूगोळ्याच्या कारखान्यात लागला, त्याला राहायला क्वार्टर मिळालं, आणि वर्षभरात त्याचं लग्न झालं. वहिनी धुळ्याची. मॅट्रिक झालेली, शिवणकामाचा कोर्स केलेली. आंदणात तिच्याबरोबर शिलाई मशीन आलं होतं. माझी दहावी झाली आणि भुसावळला कॉलेजात नाव घातलं, तेव्हा नानांनी मला भावाकडेच ठेवलं. चार वर्षं मी त्या दोन खोल्यांच्या क्वार्टरमध्ये राहिले.

आमच्याकडची बोली आणि तिची बोली वेगळी. ती धुळ्याकडची अहिराणी बोलायची. सुरुवातीला मी तिची नक्कल करायचे आणि ती माझी. माझी माय गावाहून आली की वहिनी जपून, पुस्तकातल्यासारखं बोलायची, आणि माय गाडीत बसली की हुश्श करून म्हणायची, "आते बठ्ठं चांगलं शे." म्हणजे आता सगळं ठीक आहे. माझा कॉलेजचा डबा तीच करायची. कळण्याची भाकरी आणि वांग्याचं भरीत असलं की भुसावळच्या मुली माझ्याभोवती गोळा व्हायच्या. माझं पहिलं पंजाबी ड्रेसचं कापड तिनं स्वतःच्या शिलाईच्या पैशातून घेतलं आणि भावाला विचारल्यावर सांगितलं, "माहेरून आलं होतं, पडून होतं."

कॉलनीतल्या बायकांची पोलकी ती शिवायची. दुपारी दोन-तीन तास मशीन चालायचं. त्या पैशातून भाजी यायची, दूधवाल्याचं भागायचं, माझे बसचे पैसेही कधी कधी तिथूनच निघायचे. त्याला कुणी कमाई म्हणत नव्हतं. भाऊ म्हणायचा, "तिचा टाइमपास आहे."

मी कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला असताना वरणगावच्या बाहेर प्लॉट पडले. कारखान्यातले बरेच जण घेत होते. भावानं फंडातून कर्ज काढलं, नानांनी थोडे दिले, तरी कमी पडत होते. चार-पाच दिवस भाऊ घरात कुणाशी बोलला नाही. पाचव्या दिवशी वहिनीनं ट्रंकेतून पाटल्या आणि गोफ काढला आणि त्याच्यापुढे ठेवला. माहेरचंच होतं ते.

भाऊ म्हणाला, "मी नाही जाणार मोडायला. कुणी बघितलं तर काय म्हणेल? बायकोचं सोनं विकतो म्हणतील."

"तुम्ही नका जाऊ," वहिनी म्हणाली. "मी आणि ताई जातो."

ताई म्हणजे मी. ती मला वयानं मोठी असूनही ताई म्हणायची, नणंद म्हणून.

आम्ही एसटीनं जळगावला गेलो. सराफ बाजारात एका जुन्या पेढीवर वहिनीनं रुमाल सोडला. गादीवर बसलेल्या म्हाताऱ्या सराफानं पाटली दगडावर घासून पाहिली आणि विचारलं, "मोडायचंय की बदलून दुसरं घ्यायचंय?"

"मोडायचंय."

"घरच्यांना माहीत आहे ना, बाई?"

वहिनीनं माझ्याकडे बोट केलं. "ही काय, नणंदच बरोबर आहे."

सराफ हसला आणि वजन करायला लागला. नोटा माझ्या कॉलेजच्या पिशवीत पुस्तकांखाली ठेवल्या, कारण पोरीच्या पिशवीवर चोराचं लक्ष जात नाही असं वहिनीचं म्हणणं. बाहेर येऊन आम्ही उसाचा रस प्यालो. तिचे हात मोकळे दिसत होते, नुसत्या काचेच्या बांगड्या. मी म्हटलं, "वहिनी, वाईट वाटतंय?"

"घर व्हयनं म्हणजे सोनंच शे की," ती म्हणाली.

सराफानं एक चिठ्ठी दिली होती. ती तिनं पैशांबरोबर भावाच्या हाती दिली. प्लॉटची खरेदी भावाच्या नावानं झाली. तिचं नाव घालावं असं तिला वाटलं नाही, भावाला वाटलं नाही, मलाही वाटलं नाही. त्या कॉलनीत एकाही प्लॉटवर बाईचं नाव नव्हतं.

घर बांधून झालं. मी पदवी आणि बीएड करून जळगावच्या एका शाळेत लागले आणि तिथंच एका खोलीत राहू लागले. पण त्या नव्या घरात मूल आलं नाही. माय दर महिन्याला वरणगावला जाऊन विचारायची. जळगावच्या डॉक्टरीणबाईंनी वहिनीला तपासून सांगितलं, हिच्यात काही दोष नाही, आता यांना पाठवा. भाऊ गेला नाही. एकदा वहिनीनं पुन्हा विषय काढला, तेव्हा त्यानं जेवणाचं ताट सारलं आणि उठला. त्यानंतर घरात बोलणंच कमी झालं. मी सुटीत जायचे तेव्हा तो पेपर वाचत बसलेला, ती मशीनवर.

त्या वर्षी आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, वहिनी धुळ्याला माहेरी गेली. आमच्याकडे आखाजीला सगळ्याच लेकी माहेरी जातात, त्यात विशेष काही नव्हतं. मग आठ-पंधरा दिवसांनी सासरचं कुणीतरी आणायला जातं. तिला आणायला कुणी गेलं नाही. मायनं भावाला सांगितलं, "राहू दे तिले तिकडेच." भाऊ हो म्हणाला नाही आणि नाही म्हणाला नाही. पावसाळ्यात वहिनीचं माझ्या शाळेच्या पत्त्यावर पोस्टकार्ड आलं. चार ओळी. सगळे बरे आहेत ना, तुझी शाळा कशी आहे, आणि शेवटी, 'तुझे भाऊ कधी येणार आहेत ते कळव.' मी ते मायला दाखवलं. माय म्हणाली, "उत्तर दिऊ नको. मधात पडू नको." मी दिलं नाही. नंतर आणखी एक कार्ड आलं, त्यालाही दिलं नाही.

अशी दोन वर्षं गेली. मग भावानं वकिलाच्या सल्ल्यानं दावा लावला. कारण काय लिहिलं, तर बायको स्वतःहून घर सोडून गेली आणि दोन वर्षं परत आली नाही.

तारखा पडू लागल्या. वहिनी तिच्या थोरल्या भावाबरोबर धुळ्याहून पहाटेची एसटी धरून यायची. कोर्टानं तिला दाव्यापुरती थोडी पोटगी आणि येण्याजाण्याचा खर्च मंजूर केला होता. तिच्या वकिलांनी पुढे मागणी केली ती अशी: नवऱ्याच्या पगाराच्या मानानं कायमची पोटगी, लग्नातल्या वस्तू परत, आणि घरात गुंतलेलं सोनं किंवा त्याची किंमत.

आमच्याकडे त्या दिवसांत जेवताना सुद्धा दाव्याचंच बोलणं. भावाच्या वकिलांनी मला सगळं समजावून सांगितलं होतं. बाईला पोटगी ठरवताना कोर्ट दोन्ही बाजूंची परिस्थिती बघतं. नवऱ्याच्या हातात पगार किती येतो, त्याच्यावर अवलंबून कोण कोण आहे, बाईला स्वतःचं काही उत्पन्न आहे का. घर ज्याच्या नावावर, त्याचं. लग्नात मिळालेल्या वस्तू ज्याच्या त्याला, पण त्या मिळाल्याचं सिद्ध व्हायला हवं. ऐकताना ते सगळं न्यायाचंच वाटायचं. मग भावानं फंडाची कपात वाढवून घेतली, म्हणजे पगाराच्या चिठ्ठीवर हातात येणारी रक्कम कमी दिसेल. नाना आणि माय त्याच्यावर अवलंबून आहेत असं लिहून दिलं. नानांच्या केळीचा त्या कागदात उल्लेख नव्हता. सराफाची चिठ्ठी कुठे आहे, असं मी भावाला एकदाच विचारलं. तो म्हणाला, "कसली चिठ्ठी?"

माझं लग्न लांबत चाललं होतं. घरात कोर्टकचेरी चालू असलेली पोरगी कुणाला हवी? दोन स्थळं बघून गेली आणि परत काही बोलली नाहीत. तेवढ्यात धुळ्याचं एक स्थळ आलं. मुलगा सरकारी ऑफिसात, माणसं साधी. बोलणी पुढे गेली. लग्नाचा सगळा भार भाऊ उचलणार होता. माय मला म्हणाली, "तुले भाऊ पाहिजे का वहिनी, ते आत्ताच ठरव."

साक्षीच्या आदल्या दिवशी मी वकिलांच्या ऑफिसात गेले. तुम्ही त्यांच्या घरात चार वर्षं राहिलात, तुमच्या शब्दाला वजन आहे, असं ते म्हणाले. काय काय विचारतील, ते त्यांनी सांगितलं. शेवटी सोन्यावर आले. मी म्हटलं, "मी गेले होते तिच्याबरोबर."

त्यांनी पेनाला टोपण लावलं. आवाज न चढवता म्हणाले, "मॅडम, मी तुम्हाला खोटं बोला असं कधीही म्हणणार नाही. तुम्ही शिक्षिका आहात. पण इतक्या वर्षांपूर्वीची गोष्ट. माणसाला आठवत नाही. आठवत नाही म्हणणं म्हणजे काही खोटं बोलणं नव्हे."

दुसऱ्या दिवशी मी आकाशी रंगाची सुती साडी नेसून गेले होते. वहिनी समोरच्या बाकावर बसली होती. वाळली होती. मला पाहून ती किंचित हसली आणि डोकं हलवलं, जशी मी परीक्षेला निघाले की हलवायची.

ईश्वराला स्मरून खरं सांगेन, असं मी म्हटलं. भावाच्या वकिलांनी विचारलं, "तुमच्या वहिनी घर सोडून गेल्या तेव्हा त्यांना कुणी हाकललं होतं का?"

"नाही."

"मारहाण?"

"नाही."

"त्या स्वतःहून गेल्या?"

"हो. आखाजीला गेल्या."

"त्या शिवणकाम करत होत्या?"

"हो."

"त्याचे पैसे मिळत होते?"

"हो. मिळत होते."

सगळं खरं होतं. मशीनच्या पैशातून माझे बसचे पैसे निघायचे हे कुणी विचारलं नाही, आणि मी सांगितलं नाही. आणायला कुणी गेलं होतं का, हे त्यांनी विचारलं नाही.

मग वहिनीचे वकील उठले. वयस्कर, सावकाश बोलणारे गृहस्थ. त्यांनी इकडचं तिकडचं थोडं विचारलं आणि मग म्हणाले, "तुम्ही कॉलेजात असताना तुमच्या वहिनींबरोबर जळगावला सराफाकडे त्यांच्या पाटल्या आणि गोफ मोडायला गेला होता, हे खरं आहे?"

मी वहिनीकडे बघितलं नाही. लाकडी कठड्यावर कुणीतरी खिळ्यानं बदाम कोरला होता, तो बघत राहिले.

"आठवत नाही," मी म्हटलं.

"पैसे तुमच्या पिशवीतून नेले होते?"

"आठवत नाही."

जजसाहेबांनी मान वर केली. त्यांचा स्वर दरडावणीचा नव्हता. "बाई, नीट आठवून सांगा. गेला नव्हता असं तुमचं म्हणणं आहे, की आठवत नाही?"

त्या क्षणी मला वाट मोकळी करून दिलेली होती. त्यांना शंका आली होती आणि ते मला थांबायला सांगत होते. भाऊ मागे बसला होता, त्याचा खोकला ऐकू आला.

"आठवत नाही, साहेब."

साहेबांनी टंकलेखकाला सांगितलं, "साक्षीदारास आठवत नाही." यंत्राची टकटक झाली आणि ते संपलं.

दुपारी भावाच्या घरी जायला एसटी स्टँडवर मी वरणगावच्या गाडीची वाट बघत होते. भाऊ वकिलांकडे थांबला होता. वहिनी धुळ्याच्या फलाटावरून माझ्याकडे आली. मला वाटलं, आता चारचौघांत बोलणार. ती जवळ येऊन म्हणाली, "ताई, तुझं लग्न ठरलं म्हणे. चांगलं झालं. धुळ्याची माणसं चांगली आहेत."

एवढंच. तिची गाडी लागली होती, तिचा भाऊ हाक मारत होता.

निकाल लागायच्या आधी तिनंच कोर्टात सांगितलं की आता त्या घरी नांदायला जायचं नाही, जे माझं आहे तेवढं मिळावं. घटस्फोट झाला. निकालाची प्रत इंग्रजीत होती. ती वाचायचं काम घरात माझ्याकडेच आलं. मी शब्दकोश घेऊन बसले. पोटगी ठरवली होती ती भावाच्या हातात येणाऱ्या पगारावर, आईवडलांचा भार आणि तिचं शिवणकाम लक्षात घेऊन. घर नवऱ्यानं स्वतःच्या कर्जातून घेतलेलं, त्याच्या नावावरचं. सोनं मोडून त्यात घातल्याचं तिचं म्हणणं, पण कागद नाही, सराफाकडचे जुने लोक राहिले नाहीत, आणि बरोबर होती असं जिचं नाव सांगितलं ती नणंदही दुजोरा देत नाही. त्या ओळीखाली मी पेन्सिलीनं रेघ ओढली आणि मग खोडून टाकली. जजसाहेबांनी त्यांच्यापुढे जे आलं होतं त्यावर निकाल दिला होता. त्यात वावगं काही नव्हतं. त्यांच्यापुढे काय आलं नव्हतं, ते मला माहीत होतं.

लग्नातल्या वस्तू मात्र तिला मिळाल्या. धुळ्याहून तिचा भाऊ टेम्पो घेऊन वरणगावला आला, तेव्हा मी तिथं होते. यादी वाचत एकेक भांडं बाहेर काढलं. हंडा, घागर, पितळी डबे, परात. प्रत्येकावर नाव घातलेलं होतं: कुणाकडून, कुणाला, लग्नाची तारीख. मामाकडून, आत्याकडून, शेजाऱ्यांकडून. त्या नावांमुळे ती सिद्ध झाली होती. दोन वाट्यांवरचं नाव घासून पुसट झालं होतं, त्यांच्यावरून माय भांडायला लागली. वहिनीचा भाऊ म्हणाला, "राहू द्या, मावशी. ठेवा तुम्हाला." शेवटी मशीन उचलून टेम्पोत चढवलं. कोपऱ्यात, जिथं ते असायचं, तिथं फरशीवर दोऱ्याचे तुकडे आणि दोन-तीन हुक पडले होते. ते मीच झाडून काढले.

माझं लग्न झालं. भावानं मला पाटल्या घातल्या. माय मांडवात सगळ्यांना हात धरून दाखवत होती, "भावानं केल्या."

धुळ्यात मला दुसऱ्या शाळेत नोकरी मिळाली. दोन वर्षं मी वहिनीला टाळलं, खरं म्हणजे ती कुठं राहते हेच विचारलं नाही. मग एकदा पाच कंदिलाजवळ बाजारात मागून हाक आली, "ताई!" तिनंच मला ओळखलं. कडेवर माझी मुलगी होती. तिचा गालगुच्चा घेऊन म्हणाली, "घरी ये ना. जवळच आहे."

मी गेले, पण पंधरा दिवसांनी. तिच्या भावाच्या घरातली पुढची खोली तिला मिळाली होती. तिथं ती शिवणाचा क्लास घ्यायची. पाच-सहा मुली पेपरवर कटिंग शिकत होत्या. तिनं त्यांना काम लावून दिलं आणि मला आत नेऊन चहा टाकला. मी पाठ करून गेले होते, तरी मुलीचं, शाळेचंच बोलत राहिले. शेवटी म्हटलं, "वहिनी, मला आठवत होतं."

ती चहा गाळत होती. गाळून झाल्यावर म्हणाली, "माले माहीत शे."

मला रडू यायला लागलं. ती माझी समजूत काढायला आली नाही. कप पुढे सरकवून तिनं सांगितलं, "वकीलसाहेबांनी विचारलं होतं, सराफाकडे दुसरं कोण होतं? मी सांगितलं, नणंद होती. ते म्हणाले, ती त्यांची साक्षीदार आहे, तिला विचारण्यात धोका आहे. मी म्हटलं, विचारा, ती खोटं बोलायची नाही." तिनं गाळणी धुऊन ठेवली. "आणि तू खोटं नाहीच बोललीस. आठवत नाही म्हणालीस."

त्यात टोमणा होता की नव्हता, मला आजही सांगता येणार नाही. माझ्या हातात पाटल्या होत्या. घरून निघताना मनात होतं की काढून तिच्यापुढे ठेवायच्या. सासरी काय सांगायचं, तेही ठरवलं होतं. मी पदर ओढून हात झाकले आणि चहा प्याले. बाहेर मुली हसत होत्या. तिनं एकीला हाक मारून दटावलं. मी उठले तेव्हा म्हणाली, "येत जा."

त्याच दिवाळीत मी माहेरी गेले असताना भावाकडे विषय काढला. तोवर त्यानं दुसरं लग्न केलं होतं. त्या नव्या बायकोलाही मूल नव्हतं, आणि घरात त्याबद्दल आता कुणी अक्षर काढत नव्हतं. ओट्यावर आम्ही दोघंच होतो. मी म्हटलं, "भाऊ, त्या पाटल्यांचे पैसे तिला देऊन टाक. कोर्टाचं जाऊ दे, पण तिचे आहेत ते."

"कोणत्या पाटल्या?"

"तुला माहीत आहे कोणत्या. मी गेले होते तिच्याबरोबर."

तो माझ्याकडे वळला. चेहऱ्यावर राग नव्हता, नवल होतं. "तूच तर कोर्टात म्हणालीस की आठवत नाही. आता कुणी शिकवलं तुला?"

मी जी गोष्ट त्याच्यासाठी बोलले, ती त्यानं खरी मानून टाकली होती. कदाचित तेव्हाच, मागे बसून ऐकताना. ती मागे घेणं आता माझ्या हाती राहिलं नव्हतं.

काही वर्षांनी नवा वेतन आयोग आला. पगार पुष्कळ वाढले, आणि वहिनीची पोटगी होती तिथंच, तीही कधी दोन महिन्यांनी, कधी तीन. बाजारात भेटली तेव्हा तिनं सांगितलं की वाढीसाठी अर्ज केलाय. मी म्हटलं, "मी येते. या वेळी सगळं सांगते."

ती नको म्हणाली नाही. घरी शाळेच्या कामाचं सांगून मी तिच्याबरोबर सकाळच्या एसटीनं जळगावला गेले. पारोळा, एरंडोल, सगळा रस्ता मी मनात वाक्यं जुळवत होते. तिचे ते वयस्कर वकील आता थकले होते. त्यांनी माझं शांतपणे ऐकून घेतलं.

"बाई, तुम्ही सांगताय ते मला त्याच दिवशी माहीत होतं," ते म्हणाले. "पण तो मुद्दा संपला. अपिलाची मुदत कधीच गेली. या अर्जात कोर्ट फक्त एवढंच बघणार, तेव्हाची परिस्थिती आणि आजची यांत काय बदल झाला. पगार किती झाला, महागाई किती वाढली. सोन्याबद्दल इथं तुम्हाला कुणी विचारणारच नाही."

कुणी विचारलं नाही. मी मागच्या बाकावर बसून राहिले. भावानं मला तिच्या बाजूला बसलेलं पाहिलं आणि तोंड फिरवलं. नवे जजसाहेब होते. त्यांनी पगाराची चिठ्ठी बघितली, फंडाच्या कपातीकडे बोट ठेवून विचारलं, "ही इतकी कशी?" आणि पुढची तारीख दिली. दहा मिनिटांत आम्ही बाहेर होतो.

परतीच्या गाडीत वहिनी म्हणाली, "ताई, पुढच्या वेळी नको येऊ. तुझी शाळा बुडते. आणि भावाशी वाकडं घेऊन काय करशील?"

पुढच्या तारखेला मी गेले नाही. शाळेत परीक्षा होत्या, हे खरंच होतं.

तिची पोटगी वाढली. ते तिनंच मला रस्त्यात उभ्याउभ्या सांगितलं, वांगी निवडता निवडता. त्यानंतर वर्षभरातच तिचे भाऊ वारले. भाचा सुरतेला कामाला होता, तो तिला आपल्याकडे घेऊन जाणार असं माझ्या कानावर आलं. जायच्या आधी एकदा जाऊन यावं असं मी रोज ठरवत होते.

एक दिवस शाळेतून घरी आले तर सासूबाई म्हणाल्या, "एक बाई येऊन गेल्या तुझ्याकडे. शिवणकाम करणाऱ्या दिसत होत्या, गळ्यात टेप होती. थांबा म्हटलं, चहा घ्या म्हटलं, तर म्हणाल्या गाडीची वेळ झालीय. नावही सांगितलं नाही. कोण होत्या गं?"

मी चपला काढत होते.

"आहेत एक," मी म्हटलं. "ओळखीच्या."